मालिकेतला खुनी

मिरचीचा ठसका लागला की मला धाकटी जाऊ आठवते. धानोऱ्याच्या घरी मिरच्यांची देठं खुडत आम्ही टीव्हीवरच्या मालिकेतला खुनी ठरवायचो. मी म्हणायचे, मेलेल्याचा भाऊ. ती म्हणायची, "नही जिजी, बायकोच शे. खरं रडू उनं का मानूस मिरचीना हातघाईबी डोया चोळस. हाई तं पदरना टोकघाई पुसस." म्हणजे खरं रडणारा मिरचीच्या हातानेही डोळे चोळतो, ही मात्र जपून पदराच्या टोकाने पुसते. शेवटच्या भागाआधीच आमच्या नवऱ्यांत, भावाभावांत भांडण झालं, घराची वाटणी झाली, बोलणं बंद झालं. टीव्ही आमच्याकडे राहिला. शेवटचा भाग लागला त्या संध्याकाळी मी आवाज मुद्दाम वाढवला. बायकोला बेड्या पडल्या आणि भिंतीपलीकडून ती म्हणाली, "देखं का, जिजी?" नवरा शेजारी होता, म्हणून मी गप्प राहिले. आता ती सुरतला असते. नंबर आहे माझ्याकडे. पण इतक्या वर्षांनी फोन करून, तुझंच बरोबर होतं, एवढंच कसं सांगायचं?