घडी घातलेला पंख

खडकावर नीट घडी करून ठेवलेलं लाल-पिवळं कापड, त्यावर हळद-कुंकू आणि शेजारी रिकामे पट्टे. नोकरीत पुष्कळ काही पाहिलं, पण हे दृश्य डोळ्यांपुढून अजून हलत नाही.

सोमवारी सकाळी ठाण्यात हजेरी चालू असताना हवालदारानं फोन माझ्या हातात दिला. बेळगावहून एक बाई बोलत होत्या. मी मराठीत बोललो तसा त्यांचा धीर सुटला.

"साहेब, मुलगा कालपासून फोन उचलत नाही. खोलीतला मित्र म्हणतो, उडायला गेला होता. उडायला म्हणजे काय हो?"

मुलगा बेळ्ळंदूरला खोली घेऊन इंजिनिअरिंग शिकत होता. घरी न सांगता त्यानं पॅराग्लायडिंगचा वर्ग लावला होता. वर्ग भरायचा हेब्बाळच्या बराच पुढे, शहर संपून खडकाळ माळ सुरू होतो तिथे. हद्द आमची. बेपत्ता झाल्याची नोंद केली आणि प्रशिक्षकाला बोलावून घेतलं. तरुण माणूस होता, घाबरलेला नव्हता. तेच मला खटकलं.

"काल शोधायला का गेला नाहीस?"

"गरज नव्हती, सर. वाऱ्यानं तो टेकडीपलीकडे गेला. दिसेना, म्हणून मी रेडिओवर सूचना देत राहिलो. मग आमचा दुसरा पायलट वरून पाहून आला. पॅराग्लायडरच्या कापडी पंखाची घडी घातलेली होती."

"म्हणून काय झालं?"

"नियम आहे आमचा. उतरल्यावर पंख पसरलेलाच राहिला, तर मदत हवी. गोळा केला, तर माणूस सुखरूप. पहिल्या दिवशीच शिकवतो. वाटलं, भलतीकडे उतरला म्हणून लाजून परस्पर खोलीवर गेला असेल. जातात असे काही जण. पंख मी आज आणणारच होतो."

त्याला जीपमध्ये घालून आम्ही टेकडीपलीकडे गेलो. नाचणीच्या शेताच्या कडेला तो खडक होता. फोन आणि पाकीट उडणाऱ्याला बांधतात त्या पट्ट्यांच्या खिशात जागच्या जागी. रेडिओची बॅटरी संपलेली. झटापटीची खूण नाही. चोरी नाही, माणूसही नाही. पंचनामा लिहीत असतानाच पट्ट्यांच्या खिशातला त्याचा फोन वाजला. पडद्यावर 'आई'. कुणीच पुढे झालं नाही. मीही उचलला नाही. काय सांगणार होतो?

फोन थांबल्यावर मी प्रशिक्षकाला विचारलं, "ही घडी तू शिकवलेलीच ना?"

तो वाकून घडीच्या कडा चाळू लागला. "नाही सर. पंखात हवा शिरते त्या कप्प्यांची तोंडं आम्ही एका बाजूला घेतो. ही तशी नाही." आता मात्र तो घाबरला.

घडी मी ओळखली. काठाला काठ, मग मधोमध दुमड, मग पुन्हा काठाला काठ. आमच्या गच्चीवर वाळलेल्या साड्या अशाच उतरतात आणि सुट्टीच्या दिवशी एक टोक माझ्या हातात असतं. हे कापड तर नऊवारीहून लांब. त्याची अशी घडी एकट्यानं होत नाही. समोरासमोर दोन माणसं लागतात.

सर्वांत जवळच्या घरात सासू-सून होत्या. मुलगा पाहिलात का, असं मी विचारलं नाही. असं विचारलं की लोक नाहीच म्हणतात. कन्नडमध्ये म्हणालो, "घडी फार छान घातलीय, अक्का."

सुनेनं सासूच्या हातांकडे पाहिलं. मला तेवढं पुरलं.

"अज्जी, कुणावर आळ नाही. एक पोरगा सापडत नाहीये."

म्हातारी म्हणाली, "देवीचं लुगडं होतं ते. जमिनीवर पसरलेलं कसं ठेवायचं?"

"मी सांगत होते त्यांना, उडणाऱ्या पोरांची छत्री आहे," सून म्हणाली. "पण साहेब, ते कापड श्वास घेत होतं. फुगायचं, बसायचं. पट्ट्यांत माणूस नाही आणि आतून पुरुषाचा आवाज. म्हणाला, ऐकू येत असेल तर पाय हलव."

उडणारा विद्यार्थी उत्तर देत बसत नाही, पाय झाडून होकार देतो, हे प्रशिक्षकानं मला वाटेत सांगितलं होतं.

"मग?"

"अत्तेनं हलवले स्वल्प, जरासे." सासूकडे बोट करताना ती हसली नाही. "तर आवाज म्हणाला, परत हलव. मग आम्ही घडी घातली, हळद-कुंकू वाहिलं आणि मागं न बघता निघालो. खाणीकडूनही कुणी कण्हत होतं. आम्हाला वाटलं, तेही देवीचंच काही असेल."

पुढचं ऐकायला मी थांबलो नाही.

बंद पडलेल्या दगडखाणीत, पाण्याच्या वर पुढे आलेल्या दगडावर मुलगा पडला होता. जिवंत होता. उतरताना डोक्याला मार लागला, पट्टे सोडून तो भ्रमिष्टासारखा चालत निघाला आणि खाणीच्या कडेवरून खाली पडला, उजवा पाय चिरडला. दोर लावून त्याला वर घेतलं.

जीव वाचला. उजवा पाय मात्र गुडघ्याखाली काढावा लागला. डॉक्टर म्हणाले, काल आणला असता तर बहुधा राहिला असता.

खुणेचा अर्थ ठाऊक असून भागत नाही. ती कुणी केली, हे आधी विचारावं. हाताखालच्या प्रत्येक नव्या पोराला मी पुढे हे सांगत आलो.

त्या रात्री जबाब पुरा करायला सून इस्पितळातच आली होती. सही केल्यावर ती उठली नाही. "साहेब, आम्ही घडी घातली नसती तर?"

तुमचा दोष नाही, हे वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. ते खरंही होतं. पण तिनं दोष विचारला नव्हता.

"तर कालच सापडला असता."

"आणि पाय?"

"बहुधा राहिला असता."

तिनं सही केलेला कागद माझ्याकडे सरकवला. मग म्हणाली, "घडीचं त्याच्या आईला ठाऊक आहे?"

"अजून नाही."

"सरी, ठीक आहे. मी सांगते."

व्हरांड्याच्या टोकाला बाकावर नुकत्याच पोचलेल्या आई बसल्या होत्या. बेळगावच्या, कन्नड त्यांना येत होतं. सून त्यांच्यासमोर उभी राहून बोलली. मला ऐकू आलं नाही. मग आईंनी बाकावर शेजारी ठेवलेली पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि सून त्या जागी बसली.