दादाच्या गिटारचा चुंबक

"गिटारचा गळा बसलाय," असं माझा थोरला भाऊ दिवाळीपासून घोकत होता. तारा बदलून झाल्या, अ‍ॅम्प्लिफायरला शिव्या घालून झाल्या, मग पाळी चुंबकाची आली. इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली पिकअप असतो, म्हणजे चुंबक आणि त्याला लागून तांब्याच्या बारीक तारेची वेटोळी. वरची तार थरथरली की वेटोळ्यांत वीज खेळते आणि तिचाच पुढे आवाज होतो. दादाच्या पिकअपमधला चुंबक अल्निको नावाच्या मिश्रधातूचा, मऊ, उबदार आवाज देणारा. दादाचं म्हणणं, तो म्हातारा झाला.

दादा सिन्नरच्या एका कारखान्यात पत्रे ठोकणाऱ्या प्रेसवर आयुष्यभर राबला. कानात बोळे घाल म्हटलं तर म्हणायचा, बोळे घातले की मशीन काय म्हणतंय ते कळत नाही. सुट्टीच्या दिवशी नाशिकच्या ऑर्केस्ट्रात वाजवायचा. निवृत्तीनंतर फक्त वाजवायचं, एवढं एकच स्वप्न त्यानं जपलं होतं. आता वेळ मिळाला, तर आवाज मिळेना.

घरातली गिटारची डागडुजी माझ्याकडे, म्हणून रविवारी सकाळी नाशिकरोडला त्याच्या घरी गेलो. पिकअपच्या तळाचे स्क्रू सैल केले, अल्निकोची पट्टी सरकवून काढली आणि तिच्या जागी सिरॅमिकची बसवली. सिरॅमिक जास्त जोरकस, आवाज कडक आणि धारदार येतो. मला तो मुळीच आवडत नाही आणि हे मी दादाला सुनावलंही. त्यानं ते मनावर घेतलं नाही, नेहमीसारखंच.

तारा चढवून त्यानं वरच्या सप्तकातली एक सुरावट वाजवली. माझे दात शिवशिवले. शेजारी मेथी निवडत बसलेल्या वहिनीनं जुडी टाकून कान झाकले.

"छे! तसाच बसका," दादा म्हणाला. "बदललास की नुसतं उघडून बंद केलंस, आळशा?"

चुंबकाला काहीच झालेलं नव्हतं. हे त्याला कोणत्या तोंडानं सांगायचं?

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग वहिनीकडे. तिचे हात अजून कानांवरच होते, ते तिनं घाईनं खाली घेतले. दादानं पुन्हा तीच सुरावट वाजवली, या वेळी तिच्या चेहऱ्याकडे बघत. ती हसायचा प्रयत्न करत होती. मला दोघांचाही भयंकर राग आला आणि रडूही आलं.

दादानं गिटार माझ्या मांडीवर ठेवली.

"जुनाच बसव परत," तो म्हणाला. "तुम्हाला तरी गोड ऐकू येऊ दे."