पटकीच्या साथीतला बगलूस

त्या उन्हाळ्यात मुरूम गावात पटकी आली तेव्हा सरकारी दवाखान्यात आम्ही तिघंच होतो: डॉक्टर, मी कंपाउंडर आणि एक दाई. दाईचं खरं काम बाळंतपणं. पण साथीत ओकाऱ्या पुसणं, बादल्या उपसणं, कपडे उकळणं हे सगळं तिच्याच वाट्याला आलं. व्हरांड्यात माणसं गोणपाटावर पडलेली. कुणी ‘पाणी’ म्हणे, कुणी कानडीत ‘नीरू’. दोघांनाही आमचं उत्तर एकच, थांबा. डॉक्टर भिंतीला टेकून उभ्याउभ्या झोपत. मी पुडी बांधून झाल्यावर तीत काय घातलं ते विसरत असे, आणि पुन्हा सोडून बघे.

आम्ही आणखी माणसं मागितली. तहसिलीतून निरोप आला, माणसं नाहीत. मग बडे साहेब साथीची पाहणी करायला येणार असं ठरलं आणि माणसं जमिनीतून उगवली. दवाखान्यासमोर शामियाना ठोकायला डझनभर गडी आले. विहिरींसाठी आलेली ब्लीचिंग पावडर मोटारीच्या वाटेवर दोन्ही अंगांनी रांगोळीसारखी पडली. मंडळी तशीच विहिरीचं पाणी पीत राहिली.

नेमकी त्या सकाळी दाई कोसळली. पायांत गोळे, डोळे खोल, नाडी बोटाला लागेना. सलाइन शिरेतून द्यायचं, तर शीर सापडेना. दंड आवळायची रबरी नळी कधीच तुटली होती. नवी मागवली होती, ती यायचीच होती.

तेवढ्यात तहसिलीचा चपराशी धावत आला. “साहेब, चला फाटकाशी! मोटार वेशीत आली.”

निजामाच्या राज्यात बड्या हाकिमापुढं जायचं तर डोक्याला पागोट्यासारखा दस्तार आणि कमरेला बगलूस, म्हणजे बक्कलाचा पट्टा, लागेच. डॉक्टर पहाटेपासून त्याच थाटात ओकाऱ्या ओलांडत हिंडत होते. त्यांनी बगलूस सोडला आणि दाईच्या दंडाला करकचून आवळला. कोपराशी निळी रेघ उठली. सुई शिरली, पट्टा सैल केला, तो घसरून थेट बादलीत पडला. मी बाटली उंच धरली.

बडे साहेब दाराशीच थांबले, अत्तराचा रुमाल नाकाला लावून. चपराशी मागून कुजबुजला, “उठा की साहेब, उठा!”

“उठलो तर सुई निघेल,” डॉक्टर म्हणाले.

हाकिमांची नजर खाली गेली, पण पेशंटावर नव्हे, डॉक्टरांच्या कमरेवर. “बगलूस कहाँ है?”

“बादली में, हुजूर.”

साहेब शामियान्यात परतले. हार झाले, सरबत झालं, साथ आटोक्यात असल्याचं भाषण झालं. डॉक्टरांकडून खुलासा मागवणारा कागद मात्र रबरी नळीच्या आधी पोचला.

दाई वाचली. बोलता येऊ लागल्यावर तिनं पहिलं काय विचारावं? “साहेब, तुमचा पट्टा नासला व्हय?”

“नासला नाही मावशी. एकदाचा कामाला आला.”

उठता येऊ लागलं तशी ती भिंत धरून बाहेर आली. समोर तेच गडी शामियान्याचे खांब उपटत होते. डॉक्टरांनी हाक मारली, “अरे, दोघं जण बादल्या उचला रे जरा!”

“आमाला मांडवाचाच हुकूम हाय, साहेब.”

दाईनं पदर खोचला आणि बादली उचलली.