खळ्यावरचा गोल्फ

लातुरात गोल्फ खेळणारा माणूस म्हणून मला कुणी ओळखत नाही, कारण मी खेळतो चाकूरजवळच्या आमच्या रानात. तेही हरभरा निघाल्यापासून मृगाच्या पेरणीपर्यंत. बाकीचं वर्ष तिथं पीक उभं असतं आणि मी घरात कुरकुरत असतो. निवृत्त माणसानं देवळात जावं, नाहीतर कट्ट्यावर बसावं, असं आमच्या गल्लीचं मत आहे. मला दोन्ही जमलं नाही.

हा खेळ मी फौजेत शिकलो. होतो कारकून, पण छावणीत मैदान होतं आणि रविवारी साहेब लोकांना जोडीला माणूस कमी पडायचा. निवृत्त होताना एका साहेबानं आपल्या जुन्या काठ्यांची पिशवी मला देऊन टाकली. गावी आणली तेव्हा भावकीतल्या एकानं विचारलं, "एवढ्या लांबून ह्या काठ्या आणल्या, पण म्हसरं कुठायत?" बरीच वर्षं मी एकटाच खेळलो. एकट्यानं गोल्फ खेळणं म्हणजे स्वतःशीच पत्ते खेळणं. मला बरोबरीचा गडी हवा होता, आणि तो मिळाला तो अगदी नको त्या नात्यातून.

मुलाचं लग्न झालं. व्याही भोकरकडचे, शेतकरी, बोलायला कमी. लेकीला भेटायला यायचे तेव्हा बाहेरच्या खोलीत खुर्चीच्या कडेला बसायचे आणि पाठ टेकायचे नाहीत. नातवंड होईपर्यंत लेकीच्या घरचं पाणी प्यायचं नाही, ही त्यांच्याकडची जुनी रीत. पाण्याची बाटली ते सोबत आणत. चहासुद्धा नाही. आमच्या सौभाग्यवतींना याचा भारी राग. "आपल्या घरात काय विष कालवतात का?" असं ती मला आत येऊन विचारायची. पाऊसपाणी, सोयाबीनचा भाव, एसटीची गर्दी एवढं बोलून झालं की आम्हा दोघांकडे बोलायला काही उरत नसे. एकदा कंटाळून मी म्हणालो, चला रानात. तिथं गेल्यावर त्यांच्या हातात काठी दिली.

पहिल्याच टोल्याला चेंडू बांधापलीकडे गेला. माणूस लहानपणी विटीदांडू नुसता खेळला नव्हता, जगला होता. मला हे शिकायला छावणीत दोन उन्हाळे लागले होते. थोडा जळलो मी, पण आनंद जास्त झाला.

खरी करामत त्यांनी पुढं केली. गोल्फमध्ये शेवटी चेंडू हळूच ढकलून भोकात घालायचा असतो, आणि त्या भोकाभोवती गवताची गुळगुळीत जागा लागते. आमच्याकडे गवत कुठलं! नुसती काळी माती, चैत्रात तर भेगा अशा पडतात की चेंडू आत गेला तर हात घालून काढावा लागतो. मी ढेकळांतच कसंबसं भागवत होतो. व्याह्यांनी ते बघितलं आणि म्हणाले, "पाव्हणं, खळं करू की." मळणी यंत्रं आल्यापासून खळं कुणी करत नाही, पण त्यांच्या हाताला ते पाठ होतं. जमीन खणली, पाणी पाजलं, बैल फिरवून तुडवली, चोपली आणि वर शेणानं सारवली. मधोमध दुधाच्या पावडरीचा डबा पुरला आणि खताच्या पोत्याची चिंधी काठीला बांधून निशाण केलं. अशी खळी आम्ही रानभर घातली. चेंडू त्यावरून असा सरळ जायचा की छावणीतलं गवत झक मारावं.

एक अट मात्र त्यांनी घातली. खळ्यावर चपला घालून यायचं नाही. धान्याची जागा, लक्ष्मीची जागा. म्हणून आम्ही कडेला चपला काढून अनवाणी खेळतो. उन्हाळ्यात तळवे भाजतात. फटके मोजतानाही ते एक म्हणायचे नाहीत. धान्य मापताना पहिलं माप 'लाभ' म्हणून मोजतात, तसंच हे: लाभ, दोन, तीन. सुरुवातीला एकदा माझा चेंडू वाळल्या मातीच्या पोपड्यात अडकला तेव्हा मी तो अंगठ्यानं जरा पुढं सारला. त्यांनी बघितलं. "न्हाई पाव्हणं," ते शांतपणे म्हणाले, "खळ्यावर लबाडी चालत न्हाई." मी चेंडू निमूट मागं ठेवला. व्याही असले म्हणून काय झालं, बोलणं खरं होतं.

तर असे आम्ही खेळत राहिलो आणि मी जिंकत राहिलो. दर वेळी थोडक्यात. शेवटच्या खळ्यापर्यंत बरोबरी असायची आणि तिथं त्यांचा चेंडू डब्याला चाटून जायचा. "गेला की हो!" म्हणून ते कपाळाला हात लावायचे. घरी आल्यावर मी बायकोला सगळा डाव रंगवून सांगायचो. सून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकायची. नातवंड अजून नव्हतं, म्हणून तिचे वडील बाटलीतलंच पाणी प्यायचे आणि खाली बघून हसायचे.

गेल्या उन्हाळ्यात एके दिवशी माझी गाडी वाटेत पंक्चर झाली. व्याही एसटीनं चाकूरला उतरून आधीच रानात पोचले होते. काठ्या आखाड्यावर, म्हणजे रानातल्या गोठ्याशेजारच्या खोलीत असतात, किल्ली कुठं ठेवतो ते त्यांना ठाऊक. मी बांधावरच्या बाभळीपाशी आलो आणि थांबलो. ते शेवटच्या खळ्यावर अनवाणी उभे होते. लांबून, जवळून, तिरके, कसेही चेंडू मारत होते आणि प्रत्येक चेंडू डब्यात पडत होता. डब्याचा तो टणत्कार मला बांधापर्यंत ऐकू येत होता.

मी तसाच पुढं झालो. खेळ सुरू केला. शेवटच्या खळ्यावर बरोबरी. त्यांचा चेंडू डब्यापासून हातभर. त्यांनी काठी लावली, चेंडू डब्याला चाटून गेला.

"गेला की हो!"

माझं डोकंच फिरलं. "पाव्हणं, मघाशी बाभळीआडून बघितलंय मी. सगळे जात होते. आता हा एकच कसा चुकला?"

त्यांनी काठीचं टोक मातीत टेकवलं. मग म्हणाले, "लेक दिलीय तुमच्यात. लेकीच्या बापानं जिंकायचं असतंय व्हय?"

"म्हणजे इतके दिवस मी एकटाच खेळत होतो?"

"तसं न्हाई..."

"तसंच हाय!" रागात माझीही गावची भाषा बाहेर येते. माझे जिंकलेले सगळे डाव एका क्षणात पाण्यात गेले होते. त्याहून वाईट म्हणजे, गडी मिळाला म्हणून मी इतका खूश होतो आणि समोरचा माणूस तर खुर्चीच्या कडेलाच बसलेला होता. रानातही. "चपला काढून खळ्यावर येता," मी म्हणालो, "आणि आत येऊन खोटं माप टाकता? मी चेंडू बोटभर सारला तर मला काय म्हणाला होतात?"

हे त्यांना लागलं. चेहरा उतरला. ते कडेला गेले, चपला घातल्या. मला वाटलं, चालले भोकरला, संपला खेळ, आता सुनेला काय तोंड दाखवू. पण ते पहिल्या खळ्याच्या दिशेला तोंड करून उभे राहिले.

"चला," ते म्हणाले, "पहिल्यापासून."

त्या संध्याकाळी त्यांनी मला धुतला. दुसरा शब्द नाही. तिसऱ्या खळ्यापासूनच मला कळलं होतं की इथं आपली डाळ शिजणार नाही. हरल्याचं वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? पण टोले बघण्यासारखे होते.

लातूरला येताना ते गाडीवर मागं बसले होते. शहर जवळ आलं तसं माझ्या खांद्यापाशी वाकून म्हणाले, "पाव्हणं, घरी सांगू नका. उगं इहीणबाईंना वाईट वाटंल. बाईला ऐकून घ्यावं लागंल."

बाई म्हणजे त्यांची लेक, माझी सून. मला एकदम वाईट वाटलं, आणि लाजही. आमच्या घरात तिला कुणी कधी उणा शब्द बोललेलं नाही. तरी हा माणूस इतके दिवस तिच्यासाठी हरत होता.

घरात पाऊल टाकताच बायकोनं नेहमीचा प्रश्न केला, "आज किती फरकानं हरवलंत पाव्हण्यांना?"

"आज मी हरलो," मी मोठ्यानं म्हणालो, आत ऐकू जाईल असं. "चांगला सपाटून मार खाल्ला."

"बरं झालं," ती हसत म्हणाली. "फार दिवस ऐकतेय तुमच्या बढाया. जिरवली ना पाव्हण्यांनी!"

सून दारात आली होती. तिनं वडिलांना विचारलं, "आबा, तुम्ही जिंकलात?"

व्याह्यांनी आधी माझ्या बायकोकडे बघितलं. ती अजून हसतच होती. मग माझ्याकडे बघितलं. मग लेकीकडे.

"हाव," ते म्हणाले आणि खुर्चीत मागं टेकून बसले. "बाई, पानी आन गं प्यायला."

सून क्षणभर हललीच नाही. मग आत धावली आणि तांब्या भरून घेऊन आली. ते सगळा तांब्या प्यायले. पायाशी ठेवलेल्या पिशवीत त्यांची बाटली अर्धी भरलेली होती.