मास्तरचं चिंगम आणि वहिनींचा चहा

बँडवाल्याचं काम वाजवायचं, असं लोकांना वाटतं. कसलं काय! वाजवणं चार आणे, थांबणं बारा आणे. नवरदेवाचा फेटा बांधून व्हायचाय, थांबा. घोडीवाला अजून फाट्यावरच आहे, थांबा. मुलीचा मामा रुसलाय, थांबा. या थांबण्यात आमच्या पार्टीत दोनच गोष्टी वाढल्या, विड्यांची थोटकं आणि किस्से. थोटकं झाडून टाकता येतात, किस्से मात्र साठतच जातात.

त्यातले विडी सुटल्याचे किस्से फारसे नाहीत. विडी एका फटक्यात सुटली. पण विडी सोडायला जे चिंगम घेतलं, ते सोडताना जे काय झालं म्हणता!

आमची पार्टी घोडेगावची. मी साईड ड्रम वाजवतो आणि सुपाऱ्याही मीच घेतो, म्हणजे लग्नाच्या ऑर्डरी. सुदाम मास्तर ट्रम्पेट वाजवतो. मोठा ढोल कोंडीभाऊकडे, आणि टेम्पो बाळूकडे. बाकी चार-सहा जण सीझनप्रमाणे येतात-जातात. त्यांना सोडून देऊ.

* * *

डिंभ्याला एक लग्न होतं. नवरदेव घोडीवर, पुढं पोरं नाचतायत, आणि मास्तरनं गाण्यातला सगळ्यात उंच सूर धरला. धरला आणि मध्येच फुस्स! पुन्हा फुंकलं, पुन्हा फुस्स. मास्तर ट्रम्पेट खाली घेऊन रस्त्याच्या कडेला वाकला आणि खोकत सुटला. पोरं हात वर करून तशीच उभी.

ओट्यावर बसलेल्या एका म्हातारीनं विचारलं, "काय रं बाबा, पंक्चर झालं व्हय?"

सगळी वरात हसली. मास्तर हसला नाही. दुसऱ्याच दिवशी तो मंचरला डॉक्टरीणबाईंकडे गेला. वय पोरीएवढं, पण बाई खमकी. तिनं छातीला नळी लावली आणि म्हणाली, "काका, विडी आणि ट्रम्पेट, यातलं एक काय ते ठेवा."

मास्तरनं खिशातलं बंडल तिथंच टेबलावर ठेवलं. त्यानंतर आजतागायत त्यानं विडीला हात लावलेला नाही. हे मी देवाशपथ सांगतो. तलफ यायची त्यावर बाईंनी चिंगम दिलं, पुदिन्याच्या वासाचं. त्यात निकोटीन थोडंथोडं असतं, विडीचा धूर नसतो. काही महिने घ्यायचं आणि मग हळूहळू कमी करत बंद करायचं.

हळूहळूचं तेवढं मास्तरनं मनावर घेतलं. बंद करायचं राहून गेलं. दोन वर्षं झाली!

* * *

आता पारूवहिनींचं सांगायला हवं. मास्तरची बायको. ही बाई चहावर जगायची. उठल्यावर एक, भाकरी थापताना एक, पाहुणा आला की पाहुण्याबरोबर एक, आणि गेला की सुटलो म्हणून एक. मास्तर खोकत घरी आला त्या संध्याकाळी तिनं चुलीवरचं आधण उतरवलं आणि देवापुढं उभी राहून म्हणाली, "ह्यांचं सुटत न्हाई तवर माजा च्या बंद."

महिन्याभरानं मास्तर ऐटीत म्हणाला, "पारे, विडी सुटली. टाक च्या."

वहिनींनी त्याच्या गालाकडं बघितलं. गाल हलत होता.

"त्वांडात काय हाय?"

"औषिद हाय गं."

"औषिद रोज दहादा खात्यात व्हय? विडी हातातनं गालात ग्येली, एवढंच झालं. ते सुटू द्या, मंग बघू."

एवढं बोलून त्यांनी मास्तरला कपभर चहा दिला. स्वतः पाणी प्यायल्या.

* * *

चिंगम खायची रीत असते. चार-सहा वेळा चावायचं, मग गालात दाबून ठेवायचं. पुन्हा तलफ आली की पुन्हा चावायचं. मास्तर चावायचा, दाबायचा आणि थुंकायचा. दर दोन मिनिटांनी पिच्च!

बाईंनी दवाखान्यातच बघितलं. "काका, थुंकता कशाला? हे थुंकायचं नसतं!"

मास्तर म्हणाला, "ताई, गालात काय तरी ठिवून थुकायचं न्हाई, हे आमच्याकडं कुणाला जमलंय?"

कोंडीभाऊ तंबाखूवाला. त्याला वाटलं, आपल्यालाही हे औषध बघावं. त्यानं एक चिंगम तळहातावर घेतलं, नखानं चुना लावला आणि अंगठ्यानं मळायला बसला. पाच मिनिटं मळलं. सगळा तळहात चिकट झाला, अंगठा निघेना. तेवढ्यात मी ड्रमवर इशारा दिला, वरात निघाली. कोंडीभाऊनं तसंच ढोल बडवायचं टिपरू पकडलं.

त्या दिवशी ढोल फार सुंदर वाजला. वाजवून झाल्यावर टिपरू काही हातातून सुटेना! रॉकेल लावून सोडवावं लागलं.

"आवशिद गुणाचं हाय," कोंडीभाऊ म्हणाला, "धरलं की सोडत न्हाई."

* * *

गालात चिंगम ठेवून ट्रम्पेट वाजवू नकोस, असं मी मास्तरला शंभरदा सांगितलं. "गालात असतंय, ट्रम्पेट ओठाला असतंय, दोगांचा काय समंद?" असं त्याचं उत्तर.

घोडेगावातच एक लग्न होतं. मास्तरनं गाल फुगवले, जोर लावला, आणि चिंगम सरळ ट्रम्पेटच्या तोंडात! जाऊन बसलं ते असं बसलं की वारा इकडून तिकडं जाईना. मास्तर लालबुंद. ट्रम्पेट मुकं. चाल वाजवणारं दुसरं कुणी नाही. थांबलो असतो तर लोकांनी ऐकवलं असतं, म्हणून मी आणि कोंडीभाऊ नुसतेच बडवत राहिलो. बाळू रस्त्यावर बसून सायकलच्या स्पोकनं ट्रम्पेट कोरत होता.

पुण्याहून आलेला एक पाव्हणा गॉगल काढून माझ्याजवळ आला. "काय ओरिजिनल साऊंड आहे हो! हल्ली असं फक्त रिदम कुणी वाजवत नाही. कार्ड आहे का तुमचं?"

मी कार्ड दिलं. आपण कशाला खरं सांगायचं?

* * *

बाळूची गोष्ट मात्र आमच्या सगळ्यांच्या जिवाला लागली. बाळू आमच्यातला एकटा निर्व्यसनी. विडी नाही, तंबाखू नाही, सुपारीचं खांडसुद्धा नाही. पण आमच्याकडं रीत अशी की खिशातून काही काढलं तर एकट्यानं तोंडात टाकायचं नाही, शेजारच्याला विचारायचं. तंबाखूचंही तसंच आणि शेंगदाण्याचंही तसंच. मास्तर बसायचा ड्रायव्हरशेजारी. चिंगम काढलं की अर्धं तोडून बाळूपुढं धरायचा. बाळू गुणी पोरगा. मोठ्या माणसानं दिलेलं परत कसं करायचं, म्हणून घ्यायचा.

पावसाळ्यात लग्नं थांबली. टेम्पो उभा राहिला, मास्तरची गाठ पडेना, आणि बाळूचं डोकं दुखायला लागलं. घरात बायकोवर खेकसायला लागला. कुणी म्हणालं चष्मा लागला असेल, कुणी म्हणालं बाहेरचं काही असेल. शेवटी मीच त्याला मंचरला नेला.

बाईंनी सगळं विचारून घेतलं आणि म्हणाल्या, "ही निकोटीनची तलफ आहे. किती वर्षं ओढत होता?"

"कदीच न्हाई."

"तंबाखू?"

"न्हाई ओ ताई."

"मग चिंगम का खाल्लंत?"

"मास्तर द्यायचं. न्हाई कसं म्हनायचं?"

बाईंनी पेन खाली ठेवलं.  मग मास्तरला बोलावून घेतला आणि असा झापला की विचारू नका. "काका, व्यसन सोडवायच्या औषधाचं व्यसन एका निर्व्यसनी माणसाला लावणारे तुम्ही पहिलेच!"

मास्तरची मान त्या दिवशी पहिल्यांदा खाली गेली. बाळू तरणा, पंधरा दिवसांत मोकळा झाला. मास्तर मात्र होता तिथंच.

* * *

त्यानंतर आम्ही सगळे मास्तरच्या घरी बसलो होतो. वहिनींनी सगळ्यांना चहा आणला. आलं घातलेला, वासानंच जीव गार व्हावा असा. ट्रे ठेवताना त्यांनी तो वास डोळे मिटून आत घेतला. आम्ही सगळ्यांनी बघितलं. मास्तरनंही बघितलं.

कोंडीभाऊनं कप उचलला आणि खाली ठेवला. मग मी ठेवला. मग बाळूनं. कुणीच पिईना.

वहिनी भडकल्या. "नवस माजा हाय, तुमचा न्हाई! दूध काय वाटंवर पडलंय? प्या मुकाट्यानं!"

प्यालो. बाहेर आल्यावर कोंडीभाऊ म्हणाला, "इतका कडू च्या म्या जन्मात प्यालो न्हाई."

मी म्हटलं, "साखर तर बरोबर होती."

"ते तुला कळायचं न्हाई," असं म्हणून तो चालायला लागला. कळलं होतं मला. मलाही तो कडूच लागला होता.

* * *

मग चिंगम कमी करायचं ठरलं. पाकिटं माझ्या ड्रमच्या पेटीत, किल्ली माझ्या कमरेला. दर आठवड्याला रोजच्यातलं एकेक कमी. मास्तरनं पहिल्याच दिवशी तोडगा काढला. "अर्दंच दे." अर्धं दिलं. थोड्या वेळानं, "अर्दंच दे." दुपारपर्यंत "अर्दंच दे" सहा वेळा झालं, आणि एकही अख्खं न खाल्ल्याबद्दल तो माझ्याकडून शाबासकी मागत होता!

कोंडीभाऊची आई डिंभ्याच्या वरच्या अंगाला डोंगरात राहते. तिनं फडक्यात बांधून बाळहिरडा पाठवला, झाडाखाली पडतात ती बारकी वाळलेली फळं. गालात धरायचा, तोंड रिकामं वाटत नाही. वहिनींना विचारलं, हे चालेल का? वहिनी म्हणाल्या, "हिरडा चालंल. त्येचा कुणी गुलाम झाल्याचं ऐकलं न्हाई."

हिरडा भलताच तुरट. पहिल्या दिवशी मास्तरचे ओठ असे आवळले की ट्रम्पेटमधून पिपाणीचा आवाज यायला लागला. नवऱ्याचा मामा म्हणाला, "मास्तर, लगीन हाय का बारसं?"

पण हिरड्यानं काम केलं. माझ्या पेटीतलं पाकीट हळूहळू उघडेनासं झालं. एक दिवस सकाळी मी नेहमीप्रमाणं किल्ली काढली तर मास्तर म्हणाला, "ऱ्हाऊ दे." मग दुसऱ्या दिवशीही "ऱ्हाऊ दे."

मी म्हटलं, "वहिनींना सांग की."

"तीनदा सांगितलंय मागं, अन् तिन्ही टायमाला चार दिवसांत पुन्यांदा गाल हलला. आता म्या त्वांडानं सांगनार न्हाई. तिला दिसंल तवा दिसंल."

महिना गेला. वर आठवडा गेला. गालात हिरडा असायचा, म्हणून वहिनींना फरक कळेना. आम्हाला सगळ्यांना माहीत, आणि कुणी बोलायचं नाही अशी शपथ. माझं तर पोट फुगायची वेळ आली होती!

* * *

आणे गावात लग्न होतं. मुलगी पारूवहिनींच्या माहेरकडची, त्यामुळं वहिनीही टेम्पोतून आमच्याबरोबर आल्या होत्या. पठारावरचं ऊन, नवरदेव मारुतीला नारळ फोडून घोडीवर बसलेला, आणि मांडवाकडं मिरवणूक निघाली. वाटेत घोडी अडली म्हणून सगळे थांबले. थांबलं की आमच्यात खिशात हात जातात. कोंडीभाऊनं तंबाखू काढली. मास्तरनं ट्रम्पेट काखेत मारलं आणि नुसताच उभा राहिला, गाल न हलवता.

बायकांच्या घोळक्यातून वहिनी बाहेर आल्या. सरळ मास्तरपुढं.

"त्वांड उघडा."

"अगं, लोकं बघत्यात."

"बघू द्या. उघडा."

मास्तरनं भर वरातीत आ केला. वहिनींनी हा गाल बघितला, तो गाल बघितला. टाचा उंच करून जिभेखालीही बघितलं.

"हिरडा बी न्हाई?"

"न्हाई."

"चिंगम कवापासनं बंद?"

मास्तर माझ्याकडं बघायला लागला. मीच ओरडलो, "सव्वा महिना झाला वहिनी!" शपथ गेली उडत.

वहिनी वळल्या. पदर खोचला आणि रस्त्याकडेच्या टपरीवर जाऊन उभ्या राहिल्या. "एक च्या दे रं बाबा."

टपरीवाल्यानं चहा गाळला. वहिनींनी कप दोन्ही हातांत धरला, आणि कोंडीभाऊनं ढोलावर टिपरू हाणलं. मी ड्रम लावला. बाळूनं टेम्पोतून उतरून झांजा घेतल्या. नवरीला मांडवात आणताना वाजवतात ती चाल आम्ही धरली, टपरीकडं तोंड करून. वरातीकडं आमची पाठ!

नवरदेवाचा बाप धावत आला. "अरं ए! सुपारी आमी दिली आन् वाजवताय कुनाला?"

कोंडीभाऊ न थांबता म्हणाला, "पावणं, तुमच्या पोराला बँड हाय. आमच्या मास्तरच्या लग्नात बँडच नव्हता. मास्तरच नवरा झाला, तर वाजवनार कोन?"

बापानं टपरीकडं बघितलं. मग मागं वळून घोडीवाल्याला म्हणाला, "थांबव रं जरा."

सगळं वाजत होतं, फक्त ट्रम्पेट नव्हतं. मास्तर तसाच उभा, ओठ थरथरतायत, डोळ्यांतून पाणी. दोनदा त्यानं ट्रम्पेट ओठाला लावलं आणि दोनदा खाली घेतलं.

वहिनींनी कप अर्धा केला. पदरानं तोंड पुसलं आणि त्याच्याकडं बघून म्हणाल्या, "तुमी का थांबला? दम लागला व्हय?"

"न्हाई."

"मंग वाजवा की. च्या निवतोय माजा."