मोरी नसलेला गाळा

मी दुबईला निघालो तेव्हा आय खळ्यात होती. ठाण्याच्या खाडीकाठी आमच्या कोळीवाड्यात काठ्यांवर मासळी सुकवायची मोकळी जागा होती, तिला आम्ही खळं म्हणायचो. आभाळ भरलेलं, आणि ती घाईघाईने बोंबील काढत होती. विमानतळावर यायचं सोडा, मान पण वर केली नाही. "जा रं बाला, माझा माल ओला हाय." आपण सगळे ऐंशीच्या दशकात आखातात गेलो; तुमच्या आया गळ्यात पडून रडल्या असतील. मला हे मिळालं.

तिकडे मी इमारतींना काचा बसवायचो. निळ्या काचा, ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, गुळगुळीत लादी. बाहेर भट्टी, आत बर्फ. म्हटलं वाळवंट आहे, शेखांची हौस आहे, चालायचंच.

नव्वदीत सुट्टीवर आलो तर खळ्यावर तीच बिल्डिंग उभी! बिल्डरने तिकडचा कॅटलॉग आणला असणार, दुसरं काय. नाव प्लाझा. पायरीवर थेंब सांडला की माणूस आपटलाच. टेकायला ओटा कुठेच नाही, कारण बसलेला माणूस खरेदी करत नाही. आणि खाडीकडून जिथे वारा यायचा, तिथे नेमके संडास काढलेले. ज्याने हे डोकं चालवलं त्याला मे महिन्यात, लाइट गेलेली असताना, त्याच काचेमागे कोंडायला पाहिजे.

जागेच्या बदल्यात आयला मासळी विकायला तळमजल्यावर गाळा मिळालेला. त्याला मोरीच नव्हती. मासे धुतलेलं पाणी पॅसेजमधून थेट शेजारच्या साडीच्या दुकानात. महिन्याभरात सगळ्या दुकानदारांनी मिळून मासळी बंद करायला लावली. आय मासळीची पाटी घेऊन बाहेर पायरीवर बसली, तर वॉचमनने उठवली. तिच्याच खळ्यावरून, मेल्याने. शेवटी माझ्या भावाने गाळा विकून घोडबंदर रोडला फ्लॅट घेतला आणि तिलाही तिकडे नेली.

मागच्या सुट्टीत मी तिथे ओले बोंबील घेऊन गेलो. ती सोफ्यावर, हात मांडीवर, नुसती टीव्हीकडे बघत. मग मीच तळायला घेतले. तेल चरचरलं तशी ती उठली. वाटलं, आता माझ्या हातातून झारा काढून घेणार, दोन शिव्या हासडणार. तिने खिडकी लावली.

"हलू तल रं. शेजारी बोलतीन."

इतका राग आला मला, आणि रडू पण. गॅस बारीक केला. घर कसं आहे म्हणून विचारता ना? बरं आहे. काचा लावून घेतो आणि आम्ही कोळी त्यात चोरून मासे खातो.