कॉफी अडवणारे राव सर

राव सर कॉफी अडवून धरायचे. आमचं कॉलेज आणि शेजारचं भातसंशोधन केंद्र मिळून नव्या संशोधकांना एकत्र काम करण्याचं प्रशिक्षण द्यायचं. केंद्राकडून राव सर, कॉलेजकडून मी. सकाळी ते दोन्हीकडच्या मुलामुलींना सरमिसळ बसवायचे आणि शेजाऱ्याचं कुठलं काम अडलंय हे सांगितल्याशिवाय कुणाला कॉफी द्यायचे नाहीत. मलासुद्धा नाही. मी वेळापत्रक नाचवलं की म्हणायचे, "राहूं द्या बाई. अडलें तें आधीं."

मी साताऱ्याची, नोकरीसाठी तमिळनाडूत आलेली. सरांची ती तंजावरी, घरात जपलेली जुनी मराठी ऐकून मला आधी हसू यायचं, नंतर नुसता संताप. स्लाइड केल्या नाहीत? "परवाइल्लै." अहवाल राहिला? "परवाइल्लै, बाई." परवाइल्लै म्हणजे तमिळमध्ये 'चालतंय'. या माणसाला सगळंच चालायचं, आणि निस्तरायला मी होते!

प्रशिक्षण पुढे एकत्र चालवायचं की बंद करायचं, हे ठरवायला समिती येणार होती. आमच्या प्राचार्यांना ते नकोच होतं, म्हणून समितीला पटवायला मी महिनाभर खपून सादरीकरण तयार केलं होतं. त्या सकाळी कॉफीच्या वेळी आमचा एक विद्यार्थी म्हणाला, "कयलविळीचं अडलंय." ही केंद्रातली मुलगी. भाताच्या दोन जातींचा संकर करण्यासाठी तिने आदल्या संध्याकाळी फुलांतले पुंकेसर काढून ठेवले होते. आता फुलं उघडतील तेवढ्या वेळात परागकण टाकायला हवे होते, आणि तिचा कामातला जोडीदार तापाने झोपलेला. एकटीला ते जमणं शक्य नव्हतं. हंगाम जाणार, तरी पोरगी गप्प बसून होती.

राव सर उठले. "चला सगळे. व्हॅन काढा."

"सर, समिती दहाला येतेय."

"फुलेंही दहालाच उघडतात, बाई."

"मग मी त्यांना काय दाखवू?"

"शेतांत घेऊन या. तिथें दिसेल."

समिती आली तेव्हा रिकाम्या सभागृहात मी आणि परातभर वडे. शेताचं नाव काढताच अध्यक्षांनी स्वतःच्या बुटांकडे पाहिलं. आठवड्याभराने प्रशिक्षण बंद केल्याचं पत्र आलं. मी राव सरांना फोनवर नाही नाही ते बोलले. ते शांतपणे म्हणाले, "दाणा धरला, बाई." माझा नुसता तिळपापड झाला.

गेल्या मार्गळीत, म्हणजे ऐन थंडीच्या महिन्यात, सर गेले. त्यांच्या तिरुविडैमरुदूरच्या घरी तेराव्याला वैकुंठ समाराधनेच्या पंगतीत माझ्या शेजारी कयलविळी बसली होती. पलीकडे आमच्या कॉलेजचे तिघे, केंद्राचे चौघे. त्यांच्या बोलण्यातून कळलं, प्रशिक्षण बंद पडून इतके दिवस झाले, तरी ही मंडळी एकमेकांची कामं करतच होती, आणि आम्हा कुणाला पत्ता नव्हता. मला आनंद झाला, आणि सरांचा भयंकर राग आला. हे बघायला तरी थांबायचं होतं. भांडायला मला दुसरं कोण आहे?

कयलविळी हळूच तमिळमध्ये म्हणाली, "मॅडम, आमचा फ्रीजर सकाळी बंद पडला. नमुने खराब होतील. तुमच्याकडे ठेवता येतील का?"

दोन संस्थांमधल्या अशा कामाला प्राचार्यांची लेखी परवानगी लागते. अर्ज मीच तपासते.

"जेवून घे," मी म्हटलं. "माझ्या गाडीतून आणू."